माहिती फुटली, हे मला कोण सांगणार?

१. यांना कळलं कसं?

दुपारी फोन येतो. पलीकडचा माणूस तुमचं पूर्ण नाव घेतो, गाडीचा नंबर सांगतो, विमा येत्या अठरा तारखेला संपतोय हेही सांगतो आणि नूतनीकरणासाठी लिंक पाठवतो म्हणतो. सगळा तपशील तंतोतंत बरोबर असतो, म्हणूनच विश्वास बसतो. तो विमा कंपनीचा माणूस नव्हता हे पैसे गेल्यावर कळतं. मग घरात, ऑफिसात, पोलीस चौकीत एकच प्रश्न विचारला जातो: यांना हे कळलं कसं?

या प्रश्नाची उत्तरं बरीच असू शकतात. एखाद्या कर्मचाऱ्याने यादी विकली असेल. एजंटच्या मोबाइलमधली एक्सेल शीट व्हॉट्सअ‍ॅपवरून चार हात फिरली असेल. किंवा कंपनीच्या सर्व्हरमध्येच कुणी शिरलं असेल. बाहेर बसून आपल्याला यातलं काहीच ओळखता येत नाही. पण ज्याच्याकडून माहिती फुटली, त्याला उशिरा का होईना, बहुतेक वेळा पत्ता लागतो. म्हणून खरा प्रश्न पुढचा आहे: त्याला कळलं, तर त्याने मला का नाही सांगितलं?

कित्येक वर्षं याचं उत्तर सरळ होतं. सांगायची सक्तीच नव्हती. ही सक्ती कशी आली, ती कशी चालते आणि आपल्या देशात ती कुठवर पोहोचली आहे, ते या प्रकरणात पाहू.

२. शेजारच्या काकूंकडची किल्ली

गावाला जाताना आपण घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो. त्यांच्याकडून दोन अपेक्षा असतात. पहिली, किल्ली नीट ठेवावी, दाराबाहेरच्या खिळ्याला लटकवू नये. दुसरी, हरवलीच तर लगेच फोन करावा. दुसरी अपेक्षा आपण बोलून दाखवत नाही, पण ती पहिलीपेक्षा मोठी आहे. किल्ली कुणाकडूनही हरवू शकते. हरवल्याचं वेळेत कळलं तर कुलूप बदलता येतं. काकूंनी लाजेपोटी महिनाभर सांगितलंच नाही, तर तो महिनाभर घर उघडं आहे आणि आपण मात्र ते बंद आहे असं समजून निवांत झोपतो.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे जगभरचे कायदे या दोन अपेक्षांवरच उभे आहेत: सांभाळा, आणि फुटली तर सांगा.

माहितीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. पासवर्ड बदलता येतो, कार्ड ब्लॉक करून नवं घेता येतं. पण जन्मतारीख बदलत नाही, आईचं माहेरचं नाव बदलत नाही, बोटांचे ठसे बदलत नाहीत, पाच वर्षांपूर्वी झालेला आजार पुसता येत नाही. ही माहिती एकदा बाहेर गेली की गेली. मग माणसाच्या हातात एकच गोष्ट उरते: सावध राहणं. सावध राहायचं तर आधी कळायला हवं.

३. कॅलिफोर्नियात काय घडलं

२००२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी संगणक केंद्रात कुणीतरी शिरलं. तिथे राज्याच्या सुमारे २ लाख ६५ हजार कर्मचाऱ्यांची पगाराची नोंद होती: नावं आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक. अमेरिकेत हा क्रमांक हाती लागला की दुसऱ्याच्या नावाने कर्ज काढता येतं. घुसखोरी झाल्याचं केंद्राच्या लक्षात आलं मे महिन्यात, आणि कर्मचाऱ्यांना कळवलं गेलं त्यानंतर आणखी दोन आठवड्यांनी. त्या यादीत राज्याचे गव्हर्नर होते, आमदारही होते.

ज्यांच्या हाती कायदा करणं होतं, त्यांचीच माहिती फुटली होती. त्याच वर्षी कायदा मंजूर झाला आणि १ जुलै २००३ पासून लागू झाला. माहिती फुटल्यावर ती ज्यांची आहे त्यांना कळवण्याची सक्ती करणारा अमेरिकेतल्या राज्यांमधला हा पहिला कायदा. त्यात एक शहाणपणाची सवलत होती. माहिती सांकेतिक रूपात, म्हणजे गुप्त किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात साठवली असेल, तर कळवण्याचं बंधन नाही. कंपन्यांना त्यातून आपोआप इशारा मिळाला: आधीच नीट जपलंत, तर चारचौघांत सांगायची वेळ येणार नाही.

या कायद्याची ताकद दीड वर्षाने दिसली. चॉइसपॉइंट नावाची कंपनी लोकांची माहिती गोळा करून विमा कंपन्यांना आणि नोकरी देणाऱ्यांना विकायची. तिच्या सर्व्हरमध्ये कुणी शिरलं नव्हतं. भामट्यांनी खोट्या कंपन्यांच्या नावाने तिच्याकडे रीतसर खाती उघडली आणि माहिती चक्क विकत घेतली. फेब्रुवारी २००५ मध्ये कंपनीने सुमारे ३५ हजार जणांना पत्रं पाठवली. हे सगळे एकट्या कॅलिफोर्नियातले होते, कारण कायदा फक्त तिथे होता. बाकीच्या राज्यांनी विचारलं, आमच्या लोकांचं काय? गदारोळ झाला आणि कंपनीला आणखी लाखाहून अधिक पत्रं पाठवावी लागली. २००६ मध्ये १ कोटी डॉलरचा दंड आणि पीडितांसाठी ५० लाख डॉलर तिने मोजले. त्यानंतर एकेक राज्य असा कायदा करत गेलं. २०१८ मध्ये अलाबामाने केला आणि पन्नास राज्यं पूर्ण झाली.

त्या ३५ हजार पत्रांचा विचार मी पुन्हा पुन्हा करतो. कंपनी तीच, चोरी तीच, फुटलेली माहितीही तशीच. पण कॅलिफोर्नियातल्या माणसाला कळलं आणि शेजारच्या राज्यातल्या माणसाला आधी कळलं नाही. सांगणं हे कंपनीच्या चांगुलपणावर सोडलं की काय होतं, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

सक्ती का लागते, याचं कारण व्यवहारात आहे. माहिती फुटल्याचं जाहीर केलं की गिऱ्हाईक जातं, शेअर पडतो, बातमी होते. गप्प बसलं तर बहुधा काहीच होत नाही, कारण नुकसान ज्याचं झालं त्याला ते कुणामुळे झालं हेच कळत नाही. सर्वांना सारखाच नियम नसेल तर जो प्रामाणिकपणे सांगतो, तो एकटाच मार खातो.

याचा उपयोग होतो का? कार्नेगी मेलन विद्यापीठातले साशा रोमानॉस्की, राहुल तेलंग आणि अलेसांद्रो अक्विस्ती यांनी अमेरिकेतल्या राज्यांची आकडेवारी तपासली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, अशा कायद्यांमुळे माहितीगळतीतून होणारी ओळखचोरी सरासरी ६.१ टक्क्यांनी घटली. आकडा लहान वाटेल. पण हा परिणाम फक्त एक पत्र पाठवण्याच्या सक्तीचा आहे.

४. बहात्तर तासांचं घड्याळ

युरोपीय संघाचा जीडीपीआर हा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने सांगण्याला मुदत घातली. माहिती फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांच्या आत सरकारी नियामकाला कळवायचं. ज्यांची माहिती आहे त्यांना मोठा धोका असेल तर त्यांनाही विनाविलंब कळवायचं.

घड्याळ सुरू होतं ते कळल्यापासून, चोरी झाल्यापासून नव्हे. कित्येकदा चोर महिनोन्‌महिने आत वावरत असतो आणि कुणाला पत्ता नसतो. ७२ तासांत सगळा उलगडा होणंही शक्य नसतं, म्हणून जेवढं माहीत आहे तेवढं आधी आणि बाकीचं नंतर, अशी मुभा आहे. अर्धवट माहिती वेळेवर मिळणं हे पूर्ण माहिती उशिरा मिळण्यापेक्षा चांगलं, असं या कायद्याने ठरवलं. हे मला फार मोलाचं वाटतं.

उशिराची किंमत बुकिंग डॉट कॉमने मोजली. भामट्यांनी संयुक्त अरब अमिरातीतल्या हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांकडून फोनवर गोड बोलून लॉगिन काढून घेतले आणि चार हजारांहून अधिक ग्राहकांची माहिती मिळवली. कंपनीला हे जानेवारी २०१९ मध्ये कळलं. नियामकाला कळवायला तिने २२ दिवस उशीर केला. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या नियामकाने ४ लाख ७५ हजार युरो दंड ठोठावला. दंड चोरीबद्दल नव्हता, उशिराबद्दल होता.

आणि दडवण्याची किंमत उबरने. २०१६ मध्ये ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती चोरांच्या हाती गेली. कंपनीने चोरांना १ लाख डॉलर दिले, माहिती नष्ट केल्याचं वचन घेतलं आणि वर्षभर कुणाला काही सांगितलं नाही. प्रकरण २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर आलं. पुढच्या वर्षी राज्यांशी तडजोडीपोटी १४ कोटी ८० लाख डॉलर भरावे लागले आणि कंपनीचे तेव्हाचे सुरक्षाप्रमुख २०२२ मध्ये न्यायालयात दोषी ठरले. माहिती चोरांनी चोरली होती, पण सुरक्षाप्रमुख दोषी ठरले ते लपवाछपवीबद्दल.

५. 'सांभाळणं' म्हणजे नेमकं काय?

कायदे सहसा 'वाजवी काळजी' असा शब्दप्रयोग करतात. वाजवी म्हणजे किती? हे समजायला इक्विफॅक्सचं प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

इक्विफॅक्स ही अमेरिकेतली पतमाहिती कंपनी, आपल्याकडच्या सिबिलसारखी. २०१७ च्या मार्चमध्ये तिच्या वेबसाइटसाठी वापरलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये भोक असल्याचं जाहीर झालं. ते बुजवण्याचा उपायही त्याच वेळी फुकट उपलब्ध झाला. कंपनीत आतल्या आत ईमेल फिरला: ४८ तासांत बुजवा. पण ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका पोर्टलवर ते बुजवलं गेलं नाही. मेच्या मध्यात चोर त्यातूनच आत शिरले.

आत-बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारं एक यंत्र होतं. त्याला लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती, कुणी ते नवं केलं नव्हतं. यंत्र चालू होतं, पण आंधळं होतं. २९ जुलैला प्रमाणपत्र नवं केलं आणि लगोलग संशयास्पद वर्दळ दिसू लागली. तोवर अडीच महिने झाले होते आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. जगाला हे कळलं ७ सप्टेंबरला, म्हणजे चाळीस दिवसांनी. २०१९ मध्ये किमान ५७ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली.

यात कुठेही अचाट तंत्रज्ञान नाही. एक दुरुस्ती राहून गेली आणि एका कागदाची मुदत संपली. वाजवी काळजी म्हणजे अशी रोजची, कंटाळवाणी कामं वेळेवर होणं. कोणती माहिती कोणत्या संगणकावर आहे याची यादी हवी. गरज असेल त्यालाच ती उघडता यावी. साठवताना ती सांकेतिक रूपात असावी. कुणी कधी काय उघडलं याची नोंद राहावी, आणि वेगळी प्रत राखून ठेवावी. भारताच्या नव्या माहिती संरक्षण नियमांत यातली बहुतेक कामं लिहिलेली आहेत आणि नोंदी किमान वर्षभर ठेवाव्यात असंही म्हटलं आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कंपन्या सर्वांत कमी लक्ष देतात: जी माहिती लागत नाही ती घेऊच नये, आणि काम झाल्यावर पुसून टाकावी. जे ठेवलंच नाही, ते फुटत नाही.

६. भारतात काय होतं, काय झालं

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ४३ अ हे कलम आलं. संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय केली आणि त्यातून नुकसान झालं, तर कंपनीने भरपाई द्यावी, असं ते म्हणतं. २०११ मध्ये त्याचे नियम आले. पण माहिती फुटली हे त्या माणसाला सांगा, असं त्यात नव्हतं. मग भरपाई मागायची कुणी, जर फुटल्याचं कळतच नसेल?

सरकारला कळवण्याची व्यवस्था मात्र होती. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर हल्ल्यांना तोंड देणारी यंत्रणा. एप्रिल २०२२ मध्ये तिने आदेश काढला की अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायचं. मुदत कडक आहे, पण ही खबर सरकारकडे जाते. तुमच्याआमच्याकडे नाही.

मधल्या काळाचं चित्र एअर इंडियाच्या प्रवाशांच्या प्रकरणात दिसतं. तिची प्रवासी-नोंदणी सिता ही जिनिव्हातली कंपनी सांभाळायची. तिच्यावर हल्ला झाला आणि २५ फेब्रुवारी २०२१ रोजी तिने विमान कंपनीला पहिली खबर दिली. नेमके कोणते प्रवासी, हे मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला कळवलं. विमान कंपनीने मार्चमध्ये वेबसाइटवर सर्वसाधारण निवेदन टाकलं आणि प्रवाशांना तपशीलवार कळवलं ते मे महिन्यात. जगभरातले सुमारे ४५ लाख प्रवासी, २०११ ते २०२१ अशी जवळपास दहा वर्षांची माहिती: नावं, जन्मतारखा, पासपोर्टचे तपशील, काही कार्डांचे क्रमांकही. यात विमान कंपनीची अडचण खरी होती, कारण माहिती तिसऱ्याच्या हातात होती. पण तिकीट काढणाऱ्याने सिताचं नावही ऐकलेलं नसतं. त्याने विश्वास ठेवला तो विमान कंपनीवर.

कायद्याची वाट मोठी आणि वळणावळणाची होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच सुमारास न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारे हेच ते श्रीकृष्ण. जुलै २०१८ मध्ये समितीने मसुदा दिला. २०१९ चं विधेयक त्यावरून आलं, संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्या नियमांतल्या वेळापत्रकानुसार माहिती संरक्षण मंडळाची, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या नियामकाची, तरतूद लगेच लागू झाली. सांभाळण्याची आणि सांगण्याची मुख्य बंधनं मात्र दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ मध्ये.

नव्या कायद्याची सांगण्याबाबतची भूमिका युरोपपेक्षाही पुढची आहे. युरोपात माणसाला कळवायचं ते धोका मोठा असेल तेव्हा, आणि धोका मोठा आहे की नाही हे आधी कंपनीच ठरवते. आपल्या कायद्यात असा उंबरठाच नाही. गळती लहान असो वा मोठी, मंडळालाही कळवायचं आणि प्रत्येक बाधित माणसालाही. काही जाणकारांना हे जास्त वाटतं. रोज असे मेसेज आले तर लोक वाचणार नाहीत, असं ते म्हणतात. ही भीती अनाठायी नाही. तरीही किती धोका आहे हे ठरवण्याचं काम, जिची चूक आहे त्या कंपनीकडे नसावं, या बाजूला माझं मत झुकतं.

गळतीची व्याख्याही रुंद आहे. चोरी झालीच पाहिजे असं नाही. चुकून भलत्याला ईमेल गेला, माहिती नष्ट झाली किंवा गरजेच्या वेळी उघडताच आली नाही, तरी ती गळतीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर हल्ल्यामुळे ठप्प झाले आणि कित्येक दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतचं काम हाताने कागदावर करावं लागलं. असा प्रकारही या व्याख्येत बसतो.

मात्र कायदा डिजिटल माहितीपुरताच आहे. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत तुम्ही नाव-नंबर लिहिता, ती वही यात येत नाही. तीच माहिती वॉचमनने मोबाइलमधल्या अ‍ॅपवर भरली तर येते. लॉजवर दिलेल्या आधारच्या झेरॉक्सचंही तसंच: कागद म्हणून पडून असेल तर बाहेर, स्कॅन करून संगणकात ठेवली तर आत.

७. एका लॅबची गोष्ट

ही बंधनं लागू झाल्यानंतरचं एक उदाहरण कल्पनेने घेऊ. जिल्ह्याच्या गावातली एक पॅथॉलॉजी लॅब. रिपोर्ट मोबाइलवर पाठवते, हिशेब आणि रिपोर्ट दोन्ही पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर. मंगळवारी सकाळी दहा वाजता सॉफ्टवेअर कंपनीचा फोन येतो: शनिवारी रात्री कुणीतरी सर्व्हरमधून सहा महिन्यांचे रिपोर्ट उतरवून घेतले.

लॅबच्या डॉक्टर म्हणतील, चूक तर त्यांची. कायदा तसं मानत नाही. रुग्णाने माहिती लॅबला दिली, लॅबने काम दुसऱ्याला दिलं. जबाबदारी लॅबचीच.

आता घड्याळ बघा. सर्ट-इनला खबर मंगळवारी दुपारी चारच्या आत. माहिती संरक्षण मंडळाला पहिली खबर विनाविलंब, शक्यतो त्याच दिवशी. सविस्तर अहवाल ७२ तासांत, म्हणजे शुक्रवारी सकाळी दहापर्यंत: काय घडलं, का घडलं, कुणामुळे घडलं असावं, काय उपाय केले, रुग्णांना काय कळवलं. आणि रुग्णांनाही विनाविलंब. तिथे ७२ तासांची सवलत नाही.

रुग्णाला जाणारा मेसेज कसा असतो? आपल्याला नेहमी भेटणारा नमुना असा:

"प्रिय ग्राहक, आपल्या माहितीची सुरक्षितता ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे. अलीकडेच आमच्या प्रणालीत काही अनियमितता आढळून आली असून योग्य ती पावले उचलण्यात आली आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

यातून रुग्णाला काहीही कळत नाही. नियमांनुसार पाच गोष्टी सांगायला हव्यात: काय आणि किती फुटलं, माझ्यावर काय परिणाम होऊ शकतो, तुम्ही काय केलंत, मी काय करावं आणि कुणाशी बोलावं. त्या बसवल्या तर मेसेज असा होतो:

"नमस्कार. १ जानेवारी ते ३० जूनदरम्यान आमच्या लॅबमध्ये तपासणी केलेल्या रुग्णांची नावं, मोबाइल नंबर, वय आणि रिपोर्ट शनिवारी रात्री अनोळखी माणसाच्या हाती गेले. तुमचा रिपोर्ट त्यात आहे. तुमचा बँकेचा किंवा कार्डाचा तपशील आमच्याकडे नव्हता, त्यामुळे तो गेलेला नाही. तो सर्व्हर बंद केला आहे, सर्व पासवर्ड बदलले आहेत. रिपोर्टचा हवाला देऊन कुणी औषध विकायला किंवा पैसे मागायला फोन केला तर विश्वास ठेवू नका, आम्हाला कळवा. सकाळी ९ ते रात्री ९ या नंबरवर आमची व्यक्ती फोन उचलेल."

रिपोर्ट कसला होता, हे मेसेजमध्ये मुद्दाम घातलेलं नाही. घरातला फोन चार जण बघतात. गळती कळवताना दुसरी गळती होऊ नये.

आणि मेसेज मराठीत आहे. संमती मागताना, म्हणजे माहिती घेताना, ती नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो आणि त्या यादीत मराठी आहे. गळतीच्या सूचनेबाबत नियम थोडक्यात, स्पष्ट आणि साध्या पद्धतीने सांगा एवढंच म्हणतात. पण जिला फक्त मराठी वाचता येतं तिच्यासाठी इंग्रजी मेसेज साधा कसा असेल? हा मुद्दा रुग्णांनी, ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवा.

८. दंड कुणाच्या खिशात?

दंडाचे आकडे मोठे आहेत. वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत. गळती झाल्याचं मंडळाला किंवा माणसांना कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. दंड ठरवताना मंडळाने गळती किती गंभीर, किती काळ चालली, कंपनीने नुकसान आवरायला काय केलं आणि किती लवकर केलं, हे पाहायचं आहे.

पण हा पैसा भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा रिपोर्ट फुटला त्याला त्यातला रुपयाही मिळत नाही. शिवाय भरपाईचं ते जुनं ४३ अ कलम नव्या कायद्याने रद्द होणार आहे. एवढी वर्षं जे हत्यार लोकांना उचलताच येत नव्हतं, कारण गळती कळत नव्हती, ते आता कळू लागण्याच्या वेळीच काढून घेतलं जातंय. मला हा या कायद्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. ओळखचोरीने कर्जाच्या फेऱ्यात अडकलेल्या शिक्षकाला कंपनीला दंड झाल्याचं समाधान पुरणार नाही.

दुसरी खटकणारी गोष्ट सरकारची. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून या कायद्याबाहेर ठेवू शकतं. २०१९ च्या विधेयकातल्या अशाच सवलतीवर खुद्द न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी जाहीर टीका केली होती. कॅलिफोर्नियात हा सगळा विचार सुरू झाला तो सरकारी संगणकातली माहिती फुटल्यामुळे, हे विसरून चालणार नाही.

९. सूचना आली, तर

आधी ती सूचना खरी आहे का ते बघा. गळतीची बातमी आली की भामटेही तशाच मेसेजमध्ये लिंक घालून पाठवतात. लिंक दाबू नका. कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा जुन्या बिलावरून नंबर काढून स्वतः फोन करा.

मग काय फुटलं ते वाचा. पासवर्ड असेल तर तो बदला, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला आहे तिथेही. कार्ड असेल तर ब्लॉक करून नवं मागा. आधार क्रमांक असेल तर आधारच्या अ‍ॅपमधून बोटांच्या ठशांना कुलूप लावता येतं, गरज पडेल तेव्हा उघडता येतं. आपल्या नावावर किती सिम कार्डं आहेत हे संचार साथी या सरकारी वेबसाइटवर दिसतं. पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मागवा आणि न काढलेलं कर्ज त्यात दिसतं का ते तपासा. पैसे गेलेच असतील तर थांबू नका, १९३० या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते.

कंपनीला लेखी विचारा: माझी कोणती माहिती गेली, तुम्ही ती कुणाकुणाला दिली होती, आता ती पुसाल का? नव्या नियमांप्रमाणे तक्रारीला उत्तर द्यायला कंपनीकडे जास्तीत जास्त ९० दिवस असतील. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर माहिती संरक्षण मंडळाकडे जाता येईल. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर दूरसंचार अपील न्यायाधिकरणाकडे साठ दिवसांत अपील करता येईल. म्हणून कंपनीकडून आलेला पहिला मेसेज डिलीट करू नका. त्यावर तारीख आणि वेळ असते, आणि कंपनीने किती उशीर केला ते तिथूनच मोजलं जातं.